पुस्तक परीक्षण: पहिल्या वाचनापासून छपाईपर्यंत

मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा काहीशे ते हजार प्रतींची असते. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे शालेय पुस्तकं, गाइडं आणि स्पर्धा परीक्षांच्या चळती. नवी कादंबरी तिथे उभ्याउभ्या चाळायला मिळेल याची खात्री नाही. त्यामुळे परीक्षण वाचणाऱ्या बहुतेकांच्या हातात ते पुस्तक नसतं आणि पुष्कळांच्या हातात ते कधी येणारही नसतं. चारशे रुपये खर्चावेत का, गावच्या वाचनालयाच्या खरेदी-यादीत हे नाव घालावं का, हे त्यांना सातआठशे शब्दांवरून ठरवायचं असतं. परीक्षण लिहिताना हा माणूस समोर हवा. लेखकाची पाठ थोपटण्यासाठी किंवा प्रकाशकाच्या उपकारातून उतराई होण्यासाठी लिहिलेलं परीक्षण त्याच्या काही कामाचं नसतं. मराठीतली बरीच परीक्षणं इथेच वाया जातात. वाईट याचं वाटतं, की त्यांतल्या अनेकांमागे पुस्तक खरोखर नीट वाचलेलं असतं. वाचलेलं कागदावर उतरत नाही एवढंच.

काम स्वीकारण्याआधी

संपादकाला तीन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात: शब्दमर्यादा, मुदत, आणि हवं आहे ते परिचयपर टिपण की परीक्षण. रविवारच्या पुरवणीत साधारण ५०० ते ८०० शब्दांची जागा असते. ‘ललित’ किंवा ‘साधना’सारख्या नियतकालिकात त्याहून ऐसपैस लिहिता येतं, आणि ‘नवभारत’सारख्या वैचारिक मासिकासाठी चांगला लांबलचक परीक्षणलेखही लिहिता येतो. ६०० शब्दांत एकच मुद्दा नीट मांडता येतो, १५०० शब्दांत तीन. १५०० शब्दांचा मजकूर लिहून तो ६०० वर आणायला गेलं की उदाहरणं गळतात आणि नुसती मतं उरतात. म्हणून मर्यादा आधी कळायला हवी.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा. मराठी साहित्याचं जग लहान आहे, लेखकाची ओळख असणारच. ओळख असणं हा दोष नाही. पण ‘हे पुस्तक फसलं आहे’ असं आपल्या नावानिशी छापून आल्यावर या माणसाच्या घरी चहाला जाता येईल का, याचं उत्तर नकारार्थी असेल तर पुस्तक परत करावं. तुम्ही स्वतः ज्याची प्रस्तावना लिहिली, मुद्रितं (प्रुफं) वाचली, ज्याला पुरस्कार देणाऱ्या समितीवर होता, किंवा जे तुमच्याच प्रकाशकाने काढलं आहे, त्याचं परीक्षण करू नये. संबंध दूरचा असेल, म्हणजे एखाद्या अंकाचं काम पूर्वी बरोबर केलं असेल, तर परीक्षणातच एका वाक्यात तसं सांगून पुढे जावं. वाचकाला हे आवडतं, आणि पुढे कुणी बोट दाखवलं तर उत्तर आधीच छापलेलं असतं.

वेळेचा हिशेब असा. अडीचशे पानांची कादंबरी, तासाला पंचवीस-तीस पानं, म्हणजे पहिलं वाचन नऊ-दहा तासांचं. निवडक दुसरं वाचन तीन-चार तास. लेखनाच्या दोन बैठका, मध्ये किमान एक रात्र. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला हे दोन आठवड्यांचं काम आहे. महिन्याला दोनहून अधिक पुस्तकं घेतली की दुसरं वाचन सुटतं. आणि दुसरं वाचन सुटलेलं परीक्षण अनुभवी वाचकाला लगेच ओळखू येतं: त्यातली सगळी उदाहरणं पहिल्या साठ पानांतली असतात.

वाचन कसं करावं

प्रकाशकाकडून ‘अभिप्रायार्थ’ शिक्का मारलेली प्रत आली की आधी श्रेयनामावलीचं पान वाचावं. पहिली आवृत्ती आहे की पुनर्मुद्रण, कोणत्या वर्षाचं, अनुवाद असेल तर कोणत्या भाषेवरून, लेख आधी कुठे छापून आले होते, हे सगळं तिथे असतं. त्यातली पूर्वप्रसिद्धीची नोंद फार उपयोगी. साप्ताहिक सदरातल्या लेखांचं पुस्तक केलं असेल तर एकच किस्सा चार लेखांत येणं, प्रत्येक लेखाच्या आरंभी विषयाची तीच ओळख पुन्हा करून देणं असे दोष हमखास सापडतात. सदरात ते खपून जातं, पुस्तकात नाही. संपादन झालं की नुसती गोळाबेरीज, हे या नोंदीवरून तपासायला घेता येतं.

प्रस्तावना शेवटी वाचावी. मराठीत प्रस्तावना हा स्वतंत्र लेखनप्रकार असल्यासारखा आहे. ती वीस-पंचवीस पानांची असू शकते, आणि पुस्तकातलं सगळं सार, सगळी प्रशंसा आणि महत्त्वाची अवतरणं तिच्यात आधीच येऊन जातात. ती आधी वाचली की प्रस्तावनाकाराने दाखवलेल्याच जागा आपल्याला दिसू लागतात. मलपृष्ठावरच्या पाठराखणीचंही, म्हणजे पुस्तकाची शिफारस करणाऱ्या मजकुराचंही, तसंच. आपलं लिहून झाल्यावर दोन्ही वाचावं आणि कुठला शब्द नकळत तिकडून आला असेल तर तो काढावा.

पहिल्या वाचनाला हातात पेन्सिल असावी, वही नको. वहीत लिहायला लागलं की वाचन तुटतं आणि कादंबरीची लय कळत नाही. समासात तीन खुणा पुरतात: उद्धृत करण्याजोग्या मजकुराशेजारी उभी रेघ, शंकेला प्रश्नचिन्ह, उघड चुकीला फुली. शेवटच्या कोऱ्या पानावर पृष्ठक्रमांक आणि तीन-चार शब्द. पुस्तक वाचनालयाचं असेल तर कागदाच्या अरुंद चिठ्ठ्या घालाव्यात, चिठ्ठीच्या वरच्या टोकाला तीच खूण करावी.

आणखी दोन नोंदी कटाक्षाने ठेवाव्यात. पुस्तक जिथे जिथे खाली ठेवलं, ती पानं. दोनदा एकाच प्रकरणात थांबावंसं वाटलं असेल तर तिथे पुस्तकात काहीतरी बिघडलेलं असण्याची शक्यता आहे. परत जाऊन पाहावं. दुसरी नोंद साधारण पन्नासाव्या पानावरची: ‘हे पुस्तक काय करू पाहतंय’ हे दोन वाक्यांत लिहून ठेवायचं. शेवटच्या पानानंतर तोच प्रश्न पुन्हा. दोन उत्तरांत फरक पडला असेल तर तो का पडला यातच परीक्षणाचा मुख्य मुद्दा बहुधा सापडतो.

दुसऱ्या वाचनात पहिली वीस पानं, शेवटची वीस पानं आणि खुणा केलेल्या जागा येतात. त्याखेरीज पुस्तक अधूनमधून उघडून कुठलीही तीन पानं मोठ्याने वाचावीत. खुणा आपण लक्ष वेधून घेणाऱ्या मजकुराला केलेल्या असतात. लेखकाची रोजची, साधी वाक्यं कशी आहेत ते या तीन पानांतच कळतं.

एक परिच्छेद, दोन तऱ्हा

समजा, ऊसतोडीवरची एक कादंबरी परीक्षणाला आली आहे. पुस्तक काल्पनिक आहे, पण पुढच्यासारखा परिच्छेद दर महिन्याला कुठे ना कुठे छापून येतो:

‘लेखकाने ऊसतोड कामगारांच्या जीवनाचे विदारक चित्र अत्यंत प्रभावीपणे रेखाटले आहे. भाषा ओघवती असून व्यक्तिरेखा जिवंत झाल्या आहेत. शोषणव्यवस्थेवरील भाष्य वाचकाला अंतर्मुख करते.’

‘ऊसतोड’ खोडून ‘वीटभट्टी’ लिहा, ‘गिरणी’ लिहा, ‘खाण’ लिहा. परिच्छेद तसाच चालेल. जो परिच्छेद दुसऱ्या पुस्तकाला चालतो तो या पुस्तकाचा नव्हे. आता त्याच पुस्तकाबद्दल असं लिहून पाहू:

‘मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, या कादंबरीत तीन वेळा मोजली जाते. पहिल्यांदा (पृ. १८) नवरा मोजतो. दुसऱ्यांदा (पृ. ९४) आजारपणाचे खाडे वजा करून मुकादम मोजतो. तिसऱ्यांदा (पृ. २०१) बायको मोजते, कोपीत (झोपडीत), चुलीच्या उजेडात, तिने बांधलेल्या आणि डोक्यावरून गाडीत चढवलेल्या मोळ्यांच्या हिशेबाने, आणि तिचा आकडा दोघांशीही जुळत नाही. या तीन हिशेबांवर कादंबरी उभी आहे. मधली साठ पानं मात्र तालुक्याच्या राजकारणात जातात. तिथे फड नाही, कोयता नाही, फक्त भाषणं आहेत.’

इथे ‘प्रभावी’ किंवा ‘विदारक’ असा एकही शब्द नाही, तरी पुस्तकात बळ कुठे आहे आणि ते कुठे ओसरतं हे दोन्ही कळतं. पृष्ठक्रमांकामुळे हातात प्रत असलेला वाचक पडताळा घेऊ शकतो. कथानकातली फक्त एक दोरी बाहेर काढली आहे, शेवट फोडलेला नाही. एवढं लिहायला कोऱ्या पानावरच्या तीन नोंदी लागतात: १८ उचल नवरा, ९४ मुकादम खाडे, २०१ बायको मोळ्या.

अशा पुस्तकात तपशील तपासणं हे परीक्षणकाराचंच काम आहे. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आषाढात फड तोडताना दाखवला असेल तर विचारायला हवं. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि उचल त्या जोडीच्या नावावर असते. कादंबरीत बाई एकटीच मजुरीचा करार करत असेल तर लेखकाने त्याचं कारण दिलं आहे का ते पाहावं. भाषेचंही तसंच. बीडकडची माणसं कारखान्यावर जाऊन तिथल्या शेतकऱ्यांशी बोलतात तेव्हा दोन बोली समोरासमोर येतात. ‘कामून’ विचारणारी बाई आणि ‘का रं’ म्हणणारा शेतकरी यांचं मराठी कानाला वेगळं लागतं का, की सगळे एकाच सिनेमातल्या ‘गावरान’ भाषेत बोलतात? संवादाच्या दोन ओळी उद्धृत केल्या की हा मुद्दा एका वाक्यात पटतो.

गुळगुळीत शब्दांचं काय करायचं

परीक्षणाच्या मराठीत काही शब्द इतके झिजले आहेत की वाचकाची नजर त्यांवरून घसरते: ओघवती भाषा, खिळवून ठेवते, अंतर्मुख करते, मोलाची भर, समर्पक मुखपृष्ठ, वाचनीय आणि संग्राह्य. पहिल्या खर्ड्यात ते येतीलच, येऊ द्यावेत. दुसऱ्या बैठकीत त्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा.

‘ओघवती’: वाक्यं आखूड आहेत म्हणून, संवाद जास्त आहेत म्हणून, की लांब वाक्य श्वास न अडखळता वाचता येतं म्हणून? जे खरं असेल ते लिहावं. ‘मोलाची भर’: या विषयावर आधी मराठीत काय होतं आणि या पुस्तकाने त्यापुढे नक्की काय आणलं, नवी कागदपत्रं, नव्या मुलाखती, की जुन्याच गोष्टींची नवी मांडणी? ‘अंतर्मुख’: कोणत्या पानावर थांबलात आणि कोणता प्रश्न पडला? ‘संग्राह्य’ हा शब्द माहितीपर पुस्तकाला लावायचा तर सूची, नकाशे, कालपट, परिशिष्टं आहेत का ते आधी बघावं. पाचशे पानांच्या चरित्राला व्यक्तिनामसूची नसणं हा मोठा दोष आहे. मराठी प्रकाशनांत तो सर्रास आढळतो आणि परीक्षणकार त्याबद्दल गप्प राहतात. सूची नसेल तर दरवेळी लिहावं. परीक्षणांत ती तक्रार सतत छापून आली तरच कधीतरी प्रकाशक सूची करून घेऊ लागतील.

विशेषणांना हाच न्याय नकारातही लावावा. ‘कंटाळवाणं’, ‘उथळ’, ‘पसरट’ हेही पुराव्याशिवाय तितकेच पोकळ. पसरट वाटलं तर कोणती दोन प्रकरणं एकच काम करतात ते दाखवावं.

प्रकाराप्रमाणे तपासणी

अनुवाद असेल तर मूळ भाषा येत नसतानाही बरंच तपासता येतं. जपानी किंवा रशियन पुस्तक मराठीत अनेकदा इंग्रजीवरूनच आलेलं असतं. श्रेयपानावर तसं कबूल केलं आहे का ते पाहावं. मूळ इंग्रजी असेल तर तीन ठिकाणी शेजारी ठेवून ताडावं: एक वर्णन, एक संवाद, एक विनोद किंवा म्हण. अनुवाद ढासळतो तो विनोदात. कर्मणी वाक्यांची रांग, ‘च्या द्वारे’, ‘जो की’, आणि प्रत्येक वाक्यात ‘त्याने आपल्या खिशातून आपला रुमाल काढला’ असली सर्वनामं दिसली की मूळ वाक्य मोडून मराठीत बांधलेलं नाही असं समजावं. अनुवादकाचं नाव परीक्षणाच्या शीर्षपट्टीत आलंच पाहिजे, आणि निदान एक परिच्छेद त्याच्या कामावर. कथानकाचं सगळं श्रेय मूळ लेखकाला आणि भाषेच्या सगळ्या दोषांचं खापर अनुवादकावर, ही वाटणी अन्यायाची आहे; चांगल्या अनुवादातलं एखादं नेमकं वाक्य उचलून दाखवावं.

इतिहासाच्या पुस्तकात पहिल्यांदा साधनं बघावीत. बखरीला समकालीन साक्ष समजून उभारलेली प्रकरणं आजही छापली जातात. सभासदाची बखर १६९७च्या सुमाराची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सतराएक वर्षांनंतरची. चिटणिसांची बखर तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. लेखकाने कोणतं विधान कोणत्या कागदावर टेकवलं आहे हे तळटिपांतून कळत नसेल तर ते स्पष्ट लिहावं. तारखांसाठी एक सोपी परीक्षा आहे: शकवर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२च्या पौष शुद्ध अष्टमीची, म्हणून १४ जानेवारी १७६१. सरसकट ७८ मिळवणारा लेखक ती १७६०मध्ये नेऊन ठेवतो. पौष, माघ, फाल्गुनातल्या चारपाच तिथी ताडून पाहिल्या तर पुस्तक कितपत काळजीने केलं आहे याचा अंदाज येतो.

कवितासंग्रहाचं परीक्षण सगळ्यांत अवघड, आणि सगळ्यांत आळसाने केलं जातं ते त्याचंच. संग्रहातल्या सगळ्या कवितांना हजेरी लावू नये; दोन कविता निवडून त्या नीट वाचून दाखवाव्यात. छंदात लिहिलेलं असेल तर मोजून पाहावं. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. कवी ते मोडत असेल तर ओळीला त्यातून काही मिळतं का, की नुसतं अक्षर कमी पडलं म्हणून ‘रे’ आणि ‘गे’ घुसडले आहेत? गझलसंग्रहात पाचसहा गझला लघु-गुरू लावून तपासाव्यात: मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत काफिया-रदीफ (यमक आणि त्यामागून येणारे तेच शब्द) आहे का, वृत्त शेवटच्या शेरापर्यंत टिकतं का. मुक्तछंदात ओळ जिथे तोडली आहे तिथेच का तोडली, हा प्रश्न पुरतो. ओळी सलग गद्यात लिहून वाचाव्यात. काहीच हरवलं नाही, तर ओळींच्या तोडणीतून कवितेला काही मिळालेलं नाही.

आत्मकथनांच्या बाबतीत एक पथ्य आहे. सोसलेल्या माणसाचं लेखन हाताळताना परीक्षणकार बिचकतो आणि अनुभवाच्या दाहकतेबद्दल बोलून थांबतो. हा लेखकाचा मान राखणं नव्हे. लेखकाने कोणता प्रसंग आधी ठेवला, कशाबद्दल मौन पाळलं, कोणाच्या तोंडी कोणती भाषा दिली, हे सगळे लेखक म्हणून त्याने घेतलेले निर्णय आहेत, आणि त्याचं वाचन लेखक म्हणून व्हायला हवं.

लिहिताना

सुरुवात पुस्तकातून करावी. ‘मराठी साहित्यात कादंबरीची परंपरा समृद्ध आहे’ असं पहिलं वाक्य असेल तर पहिला परिच्छेद अख्खा कापून बघावा. दहांतल्या नऊ वेळा परीक्षण दुसऱ्या परिच्छेदापासूनच खरं सुरू झालेलं असतं. पहिल्या १०० शब्दांत हे कशाबद्दलचं, कोणत्या प्रकारचं पुस्तक आहे हे कळलं पाहिजे.

कथानक एकूण शब्दांच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नको. कादंबरीत पहिल्या एक-तृतीयांश भागापलीकडचं काही सांगायचं तर आशयाच्या अंगाने सांगावं, घटनेच्या नाही. कथासंग्रहात प्रत्येक कथेला दोन ओळी देण्याचा मोह होतो. बारा कथांना दोन-दोन ओळी दिल्या की ती अनुक्रमणिकाच होते. तीन कथा घ्याव्यात: सर्वांत भक्कम, सर्वांत कच्ची, आणि एक जी लेखकाची वाट बदलताना दाखवते.

अवतरण हवंच. पुस्तक हातात नसलेल्या वाचकाला लेखकाचा आवाज त्यातूनच ऐकू येतो. गद्याचं अवतरण ४० ते ६० शब्दांचं, एकूण दोन किंवा तीन. प्रताधिकार कायदा, १९५७च्या कलम ५२मध्ये समीक्षेसाठी केलेला रास्त वापर मान्य आहे. शब्दांची ठरावीक मर्यादा कायद्यात दिलेली नाही, त्यामुळे तारतम्य आपलं. आठ ओळींची कविता पूर्ण छापणं म्हणजे ती अख्खी कृतीच छापणं. दोन-चार ओळी घ्याव्यात. अवतरण टाइप केल्यावर पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडावं. लेखकाच्या वाक्यात आपल्या हातून चूक घुसणं ही परीक्षणातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट.

मुद्रणदोषांबद्दल लिहिण्याआधी वीस पानांत किती आहेत ते मोजावं. दोन-तीन असतील तर सोडून द्यावं. पंचवीस असतील तर आकड्यासह लिहावं. मात्र दोष कोणाचा ते ओळखायला हवं. ‘दुसऱ्या’ऐवजी सगळीकडे ‘दुसर्या’ छापलं असेल तर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ते झालेलं असतं. लेखकाला बोल लावू नये. जुन्या पुस्तकाच्या पुनर्मुद्रणात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरें’ दिसलं तर त्या चुका नव्हेत. १९६२मध्ये साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम शासनमान्य झाले, त्याआधीचं लेखन तसंच होतं.

दोष दाखवताना

पुस्तकाबद्दल कडक लिहिता येतं, माणसाबद्दल नाही. हा फरक कायद्यानेही फार नेमका केला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९चा सहावा अपवाद, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे, लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवलेल्या कृतीवर सद्भावनेने दिलेलं मत बदनामी ठरत नाही असं सांगतो. त्याखालचं उदाहरण पुस्तकाचंच आहे. पुस्तक मूर्खपणाचं आहे, त्यावरून लेखक कच्च्या बुद्धीचा दिसतो, असं म्हणणं अपवादात बसतं, कारण मत पुस्तकातून दिसणाऱ्या लेखकापुरतं आहे. पण लेखक मुळात तसाच आहे, म्हणून त्याचं पुस्तक असं निघालं याचं नवल नाही, असं म्हटलं की ते संरक्षण संपतं. न्यायालयाचा विचार बाजूला ठेवला तरी लिहिणाऱ्याने हीच रेघ पाळावी. लेखकाचं वय, जात, नोकरी, पक्ष यांवरून पुस्तकाचा दोष सिद्ध करायला निघणं म्हणजे पुस्तकाबद्दल सांगण्यासारखं काही सापडलं नाही असाच त्याचा अर्थ होतो.

लेखकाने जे करायचं ठरवलंच नव्हतं ते केलं नाही म्हणून त्याला धरू नये. कोकणातल्या एका वाडीची गोष्ट सांगणाऱ्या कादंबरीने जागतिकीकरणावर भाष्य केलं नाही, ही तक्रार होऊ शकत नाही. वाडीतली माणसं एकसारखी झाली आहेत, ही होऊ शकते. परीक्षण करणारा स्वतः कथा-कादंबरी लिहिणारा असेल तर त्याला हा धोका जास्त. ‘इथे मी असं वळण घेतलं असतं’ ही ऊर्मी वाक्यावाक्यात डोकावते. तिच्यावर उपाय एकच: पन्नासाव्या पानावर लिहून ठेवलेली ती दोन वाक्यं समोर ठेवायची आणि प्रत्येक आक्षेप त्यांच्याशी लावून बघायचा. स्वतःचं दीर्घ लेखन चालू असताना त्याच विषयावरचं पुस्तक परीक्षणाला घेऊ नये. एक तर त्याची भाषा आपल्या लेखनात झिरपते, नाही तर आपण अकारण कठोर होतो. त्या काळात वेगळ्या प्रकारातली पुस्तकं घ्यावीत; कादंबरी लिहिणाऱ्याला प्रवासवर्णनाचं परीक्षण हात चालू ठेवायला चांगलं.

हात तयार व्हायला जुनी परीक्षणं वाचण्यासारखा दुसरा सराव नाही. १८६७मध्ये सुरू झालेलं ‘विविधज्ञानविस्तार’, १९८२ला बंद पडलेली ‘सत्यकथा’, वसंत दावतरांचं ‘आलोचना’ यांचे बांधीव अंक मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आणि मुंबईचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं, तिथे चौकशी करावी. आज ज्या पुस्तकाला आपण थोर म्हणतो त्याचं ते नवं असतानाचं परीक्षण शोधून वाचावं. परीक्षणकाराला काय दिसलं, काय दिसलं नाही, आणि न दिसण्याचं कारण काय, हे वहीत टिपत गेलं तर वर्षभरात स्वतःच्या सवयीही कळतात.

पाठवताना आणि नंतर

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवावा; छायाचित्र काढून पाठवलेला हस्तलिखित कागद उपसंपादकाला पुन्हा टाइप करावा लागतो आणि तिथे नावं चुकतात. शेवटी पुस्तकाचा तपशील एका क्रमाने द्यावा: नाव, लेखक, अनुवादक किंवा संपादक, प्रकाशन आणि गाव, आवृत्ती व वर्ष, पृष्ठसंख्या, किंमत. आयएसबीएन १३ अंकी असतो, भारतीय पुस्तकांचा ९७८-८१ किंवा ९७८-९३ने सुरू होतो. तो दिला तर वाचनालयांना मागणी नोंदवायला सोपं जातं. सोबत मुखपृष्ठाची स्वच्छ प्रतिमा जोडावी. पानावर जाहिरात आली तर मजकूर खालून कापला जातो, म्हणून मुख्य आक्षेप किंवा मुख्य प्रशंसा शेवटच्या परिच्छेदावर ठेवू नये. ती वरच्या दोन तृतीयांशात यावी.

छपाईआधी लेखकाला किंवा प्रकाशकाला परीक्षण दाखवू नये, त्यांनी प्रेमाने मागितलं तरीही. छापून आल्यावर लेखकाचा फोन येऊ शकतो. मतभेद असेल तर ऐकून घ्यावं, वाद घालू नये. ‘मी पानं दिली आहेत, वाचक ठरवतील’ एवढं उत्तर पुष्कळ आहे. तथ्याची चूक दाखवली, म्हणजे एखादं नाव, वर्ष, नातं चुकलं असेल, तर त्याच दिवशी संपादकाला दुरुस्तीचं टिपण पाठवावं: मूळ विधान, बरोबर विधान, पृष्ठक्रमांक, तीन ओळी.

कात्रणावर अंकाची तारीख लिहून ठेवावी आणि आपला न कापलेला मूळ मजकूर वेगळा जपावा. पुढे परीक्षणांचं पुस्तक करायची वेळ आली तर तोच कामाला येतो. पेन्सिलच्या खुणा असलेली प्रत निदान वर्षभर कुणाला देऊ नये. वाचकांची पत्रं उशिरा येतात, आणि त्यांत बहुधा विचारलेलं असतं ते एखाद्या पानाबद्दलच.